कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा

ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली त्याच्या मनात नशिबाचे फेरे असणार. पण कॅनडात ऑन्टॅरिओतल्या एखाद्या सरोवराकाठी जुलैतल्या शनिवारी सकाळी उभं राहिलं, तर ती सरळसरळ वापराची सूचना वाटते. माणसं येतात, मोटारीच्या टपावरून कयाक किंवा कनू या वल्ह्याच्या होड्या उतरवतात, दोन चाकांच्या बुटक्या गाड्यावर ठेवतात, पट्टे आवळतात आणि पाण्याकडे ओढत निघतात. पाण्याशी पोचलं की पट्टे सोडायचे, चाकं काढायची, सांगाडा दुमडायचा आणि तो होडीत घालायचा. पलीकडच्या काठाला हाच प्रकार उलट्या क्रमाने. दिवसाअखेर कोणी कोणाला जास्त वाहिलं याचा हिशेब केला, तर गाडा आणि होडी यांची फिटंफाट होते. बाकी निघते ती माणसाच्या कंबरेकडे.

बैलगाडी बैलाने ओढायची, घोड्यावर माणसाने बसायचं, असा इतर वाहनांशी साधासरळ करार असतो. होडीच्या करारात मात्र शेवटी एक कलम घुसवलेलं आहे: जिथे पाणी संपेल तिथे तू मला उचलायचंस. उत्तर अमेरिकेत हे कलम वारंवार लागू होतं. हिमयुगातल्या बर्फाने तिथली जमीन खरवडून असंख्य तळी करून ठेवली आहेत, आणि दोन तळ्यांच्या मध्ये कुठे धबधबा, कुठे खडकाळ ओढा, कुठे नुसतंच रान. तिथल्या मूलनिवासींनी बर्चच्या सालीची होडी घडवली ती पाण्यावर चालावी म्हणून, आणि तितकीच खांद्यावर पेलावी म्हणून. जमिनीवरून होडी नेण्याच्या या पायपिटीला पोर्टेज म्हणतात आणि तिच्या वाटांना नकाशात मानाचं स्थान असतं.

सर्वांत नामांकित वाट म्हणजे 'ग्रँड पोर्टेज'. लेक सुपीरिअरच्या काठावरून पिजन नदीपर्यंत साडेआठ मैल, म्हणजे जवळजवळ १४ किलोमीटर. अठराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्थ वेस्ट कंपनीचा फरचा व्यापार या वाटेने चाले आणि तो चाले तिच्या वल्हेकऱ्यांच्या पाठीवर. एकेक गठ्ठा ९० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४१ किलोंचा. एका खेपेला असे दोन गठ्ठे, आणि त्यांचा चामडी पट्टा कपाळावर. या कामाला बुटके गडी पसंत करत, कारण उंच माणसाचे पाय होडीत मालाची जागा खातात. आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे. कंपनीने मजुरी देऊन जी हमाली करवून घेतली, ती करायला आता लोक रजा टाकून, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःची होडी डोक्यावर घेऊन येतात.

डोक्यावर हे शब्दशः. कनूच्या मधोमध एक आडवी लाकडी दांडी असते, मानेच्या दोन्ही बाजूंना खांद्यावर बसेल अशी कोरलेली. थोडक्यात बैलाचं जू. फरक इतकाच की इथे ते बैलाने हौसेने विकत घेतलेलं असतं. होडी उलटी करून त्या दांडीवर पेलायची आणि चालू लागायचं. डोकं होडीत, त्यामुळे दिसतात ते स्वतःचे बूट आणि त्यांच्यापुढची चार पावलं वाट. आत डास शिरलेले असतात. दोन्ही हात होडीला गुंतलेले आहेत, हे डासांना ठाऊक असतं. अल्गॉन्क्विन पार्कमध्ये अशा प्रत्येक वाटेच्या तोंडाशी पिवळी पाटी असते आणि तिच्यावर अंतर मीटरमध्ये लिहिलेलं असतं. डिक्सन तळ्यापासून बॉनफिल्ड तळ्यापर्यंतचं अंतर ५,३०५ मीटर आहे. ५,३०० म्हटलं असतं तरी कोणी भांडायला आलं नसतं. पण ज्याने ते मोजलं, त्याच्याच्याने शेवटचे पाच मीटर सोडवले नसावेत.

या ओझ्यावर पहिला उपाय सुचला तो होडी हलकी करण्याचा. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स हे अमेरिकी लेखक 'नेसमक' या टोपणनावाने शिकारी आणि मासेमारांच्या साप्ताहिकात लिहीत. चण लहानखुरी, त्यात क्षयाने पोखरलेले. त्यांनी न्यूयॉर्क राज्यातले कारागीर जे. हेन्री रश्टन यांच्याकडे फुलासारख्या होडीचा लकडा लावला, आणि १८८३ मध्ये रश्टननी नऊ फुटी, साडेदहा पौंडांची लाकडी कनू घडवून दिली. साडेदहा पौंड म्हणजे पाच किलोही नाही. वाण्याकडून यापेक्षा जड पिशवी घरी येते. तिचं नाव सीअर्सनी ठेवलं 'सेरी गॅम्प'. डिकन्सच्या कादंबरीतली ही दाई दारूत पाणी म्हणून घेत नसे. होडीही पाणी घेत नाही म्हणून हे नाव. त्याच होडीतून या आजारी माणसाने ॲडिरॉन्डॅकच्या तळ्यांमधून २६६ मैलांचा प्रवास केला. होडी अजून शाबूत आहे आणि मालकी स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयाची आहे. इतकं करूनही सीअर्सना तिला चाकं लावावीत असं वाटलं नाही. पाच किलोंना काय चाकं लावायची?

दुसरा उपाय आणखी मोठ्या माणसाला सुचला. १९४४ मध्ये ग्रमन या विमान कंपनीतले अधिकारी विल्यम हॉफमन सुट्टीवर त्याच ॲडिरॉन्डॅकमध्ये गेले होते. लाकूड आणि कॅनव्हासची कनू खांद्यावरून नेताना त्यांचा जीव मेटाकुटीला आला. आपण लढाऊ विमानं ॲल्युमिनियमची करतो, मग ही का नाही, असं त्यांच्या डोक्यात आलं. महायुद्ध संपत आलं होतं आणि विमानांच्या ऑर्डरी आटणार होत्या. कंपनीने खरोखरच ॲल्युमिनियमच्या कनू बाजारात आणल्या. पहिली १३ फुटी होडी सुमारे १७ किलोंची होती. पुढे या होड्या इतक्या खपल्या की अमेरिकेतल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरांत 'ग्रमन' म्हणजेच कनू असं समीकरण झालं. खडकावर घासताना ती जो आवाज करते त्याने अर्धं जंगल जागं होतं, ही गोष्ट वेगळी. ग्रमनचं नाव इथे ध्यानात ठेवलेलं बरं. ते पुन्हा येणार आहे, आणि पृथ्वीपासून बरंच लांब येणार आहे.

आता चाकांकडे. जहाजाला चाकं लावण्याची कल्पना हजार वर्षांहून जुनी आहे आणि तिची सुरुवात सहलीने नव्हे, लढाईने झाली. रशियातली जुनी बखर सांगते की ९०७ साली कीव्हचा राजा ओलेग कॉन्स्टँटिनोपलवर चालून गेला, तेव्हा ग्रीकांनी खाडीचं तोंड अडवून ठेवलं होतं. ओलेगने जहाजांना चाकं लावायला सांगितली. वारा अनुकूल झाला, शिडं फुगली आणि जहाजं शेतातून शहरावर निघाली. ग्रीक घाबरले आणि खंडणी द्यायला तयार झाले. बखरींचा हिशेब कोणत्याही देशात जपूनच घ्यावा लागतो. पण एवढं खरं, की होडी जमिनीवरून येताना दिसली की बघणाऱ्याची बुद्धी क्षणभर थांबते; वाहनतळावरही हेच होतं.

याहून पटण्यासारखा किस्सा नॉर्वेचा राजा मॅग्नस याचा. पाय उघडे ठेवण्याच्या सवयीमुळे त्याला 'अनवाणी मॅग्नस' म्हणत. १०९८ मध्ये स्कॉटलंडच्या राजाशी त्याचा करार झाल्याचं नॉर्स गाथा सांगतात: पश्चिमेची जी बेटं तुला जहाजाने, सुकाणू लावून ओलांडता येतील ती तुझी. मॅग्नसचा डोळा किन्टायरवर होता. पण ते बेट नाही, टार्बर्टपाशी चिंचोळ्या पट्टीने मुख्य भूमीला जोडलेला जमिनीचा लांब तुकडा आहे. मॅग्नसने जहाज काठावर घेतलं, सुकाणू बसवलं, स्वतः सुकाणू धरून ऐटीत बसला आणि माणसांकडून जहाज त्या पट्टीवरून पलीकडे ओढून घेतलं. जहाजाने फेरी पुरी केली, सुकाणू जागेवर होतं, सबब किन्टायर हे बेट. नकाशात बेटांना जागा देण्याची यापेक्षा खर्चिक पद्धत असेल, पण यापेक्षा निर्ढावलेली नाही. गाथेत जहाज ओढणाऱ्यांची नावं नाहीत.

मॅग्नसचे वंशज आजही प्रत्येक तळ्याकाठी दिसतात. ऑन्टॅरिओतल्या मिसिसागाकडचं एखादं मराठी जोडपं नजरेसमोर आणावं. नवी कोरी दोघांची कयाक, तिशीच्या घरातल्या किलोंची. सहा वर्षांचा मुलगा, आणि सांगलीहून चार महिन्यांसाठी आलेल्या आजी, घडीच्या खुर्चीवर. मुलगा कयाकमध्ये चढून बसला आहे आणि उतरायला तयार नाही. वडील गाडा होडीच्या शेपटाखाली सरकवताहेत.

"अरे, मध्यात घाल ना. त्या व्हिडिओत मध्यात होता."

"व्हिडिओतली कयाक वेगळी होती."

"कयाक वेगळी असेल. गुरुत्वाकर्षण तेच होतं."

बाईंचं बरोबर आहे. गाडा अगदी टोकाला लावला, तर होडीचं निम्मं वजन ओढणाऱ्याच्या हातात राहतं. तीस किलोंची होडी असेल तर पंधरा किलो. तोच गाडा मध्याजवळ आणला, की तोल चाकांवर बसतो आणि हाताला दोन-चार किलोंपेक्षा जास्त लागत नाही. मात्र मध्यात लावलेला गाडा नुसत्या घर्षणाच्या भरवशावर ठेवता येत नाही. पट्टा होडीभोवती आवळला तरी पहिल्याच खड्ड्यात गाडा मागे सरकतो, होडीचं नाक जमिनीला टेकतं आणि ओढणारा पुढे निघून जातो. म्हणून एक पट्टा पुढे आसनाला किंवा आडव्या दांडीला बांधायचा असतो. हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. माहितीपत्रक खोक्यात असतं. खोकं घरी असतं.

वडिलांनी गाडा मध्यात घेतला, पण या धांदलीत चाकाची कॉटर पिन निसटून खडीत पडली. आसात आरपार घालायची ही वाकडी तार काडेपेटीतल्या काडीएवढी असते, आणि हजारो रुपयांचा सगळा डोलारा तिच्या भरवशावर उभा असतो. ती नसली की चाक आपणहून सुटून आपल्या वाटेने निघतं. खडीच्या करड्या रंगात करडी पिन शोधणं सुरू झालं. वडील गुडघ्यावर, आई मोबाइलची बॅटरी लावून, भर उन्हात. मुलगा होडीतून दिशा सांगतोय. पाचेक मिनिटं आजींनी हा सोहळा पाहिला आणि मग बांगडीत अडकवलेल्या तीन सेफ्टी पिनांमधली एक काढून पुढे केली.

"ही लाव. आणि त्याला खाली उतरव आधी."

सेफ्टी पिन आसाच्या भोकात चपखल बसली. पाण्यापर्यंतच्या डांबरी उतारावर तिने तक्रार केली नाही.

गाड्यांचे प्रकार पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची खोड वेगळी आहे. वर बसायच्या कयाकच्या बुडात पाणी निचरण्यासाठी आरपार भोकं असतात. एका जातीच्या गाड्याला दोन उभे दांडे असतात, ते खालून त्या भोकांत घुसवायचे. पट्टे नकोत, काही नको, दिसायला सुबक. पण सामान भरलेल्या होडीचा सगळा भार मग त्या दोन भोकांच्या कडांवर येतो आणि खड्ड्याखड्ड्यांतून नेताना तिथे तडा जाऊ शकतो. पाण्याखालच्या भागात तडा जाणं होडीच्या दृष्टीने काय असतं, ते सांगायला नको. न्यूझीलंडमध्ये बनणारा 'सी-टग' नावाचा प्लास्टिकचा गाडा कोणतंही हत्यार न वापरता सुटा होतो आणि होडीत जातो. मासेमारीच्या जड कयाकना रुंद चाकांचे दणकट गाडे लागतात, कारण पायाने चालवायच्या यंत्रासकट त्या होड्या ५० किलोंच्या पुढे जातात आणि त्यांना कयाक म्हणणं हा केवळ सभ्यपणा उरतो.

खरी परीक्षा वाळूत. बारीक चाक वाळूत गेलं की गाडा गाडा राहत नाही, नांगर होतो. त्यासाठी फुगीर, गुबगुबीत चाकं मिळतात. मोटारीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस पौंड हवा असते. या चाकांत दोन-चार पौंड पुरते. हवा कमी असली की चाक पसरतं, भार मोठ्या जागेवर वाटला जातो आणि वाळू सहन करते. पण ही चाकं दुमडत नाहीत आणि होडीत मावत नाहीत. ती मागे होडीवर बांधावी लागतात, आणि मग पाठीमागून वारा आला की होडीला शिडाचं काम करतात. ओलेग खूश झाला असता.

ब्रिटिश कोलंबियातल्या बोरॉन लेक पार्कने गाड्याचा विचार फारच गांभीर्याने केला आहे. तिथे पर्वतांमध्ये तळ्यांची जवळजवळ चौकोनी माळ आहे आणि तिची पूर्ण फेरी ११६ किलोमीटरची. तिची पहिलीच पोर्टेज २.४ किलोमीटर, दुसरी २ आणि तिसरी १.६. वाट रुंद, म्हणून गाडे चालतात. पण जड गाड्यांनी वाट उखणून चिखलाचे चर पडू लागले, म्हणून नियम आला: गाड्यावरच्या होडीत २८ किलोंपेक्षा जास्त सामान ठेवायचं नाही, उरलेलं पाठीवर. सुरुवातीलाच वजनकाटा आहे. विमानतळावर पंचवीस किलोंच्या बॅगेतून चितळ्यांची बाकरवडी काढून हातातल्या पिशवीत कोंबण्याचा ज्यांना सराव आहे, त्यांना हा काटा परका वाटत नाही. गंमत अशी की काटा फक्त होडीतल्या सामानाला. तेच सामान पाठीवर घेऊन त्याच वाटेने चालायला पूर्ण मुभा आहे. पार्कला वाटेची काळजी आहे. कंबर ज्याची त्याने सांभाळावी.

मिनेसोटातलं बाउंडरी वॉटर्स हे वनक्षेत्र तर याहून कडक. दहा लाख एकरांहून मोठं हे पाणथळ रान १९६४ च्या अरण्य कायद्याखाली येतं, आणि तिथे यंत्रावर चालणाऱ्या वाहतुकीत चाकालाही धरलं आहे. मोजक्या काही पोर्टेज सोडल्या तर गाडा न्यायला बंदी. तिथे अंतरं मोजायचं मापही चाकाच्या आधीचं वाटावं असं आहे, 'रॉड'. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी. म्हणजे १०० रॉडची पोर्टेज याचा अर्थ, शंभर होड्या एकीपुढे एक ठेवल्या तर जेवढं अंतर होईल तेवढं, आणि त्यातली एक डोक्यावर. कायद्याच्या बाजूने बोलायचं तर मुळं, दगड आणि दलदल यांच्यातून वर-खाली जाणाऱ्या त्या पायवाटांवर गाड्याचा उपयोग होतोच असं नाही. अर्ध्या वाटेवर माणूस होडी उचलतो, आणि वर गाडाही.

यात त्याची अक्कल कमी पडते असं कोणी समजू नये. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेचंही हेच झालं. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ चं यान चंद्रावर उतरलं. उतरणारं यान बनवलेलं ग्रमनने, त्याच हॉफमनसाहेबांच्या कंपनीने. त्यातून ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल उतरले आणि त्यांच्याबरोबर उतरला हाताने ओढायचा एक गाडा. दोन चाकं, एक दांडा, वर उपकरणं आणि दगड ठेवायची सोय. टायर खास बनवलेले, आत नायट्रोजन, दाब दीड पौंड. म्हणजे आपल्या वाळूच्या चाकांपेक्षाही कमी. अंतराळवीर त्याला रिक्षा म्हणत. दुसऱ्या दिवशी 'कोन' या विवराच्या कडेपर्यंत चढायचं होतं. सपाटीवर रिक्षा ठीक चालली. चढ लागला, धूळ खोल झाली, चाकं उड्या मारू लागली, आणि शेवटी दोघांनी पुढून-मागून धरून गाडा चक्क उचलला. तेव्हा ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातून निरोप आला की, तुम्ही तो उचलूनच न्याल अशी अटकळ इथे माझ्या शेजारी बसलेल्या दोघांनी आधीच बांधली होती. चंद्रावर वजन एक षष्ठांश, हवा नाही, डास नाहीत, काठावर सल्ले देणारे मात्र होते. विवराची कडा शेवटी हुकलीच. पुढच्या मोहिमेला, त्याच वर्षी जुलैत, नासाने विजेवर चालणारी मोटार पाठवली.

महाराष्ट्रात हा गाडा अजून क्वचित दिसतो. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचा बोट क्लब मुळा नदीला लागून आहे. १९२८ पासून चालत आलेल्या त्यांच्या रेगाटात, म्हणजे नौकामेळ्यात, कयाक आणि कनू दोन्ही दिसतात, पण होडीघर पाण्यालगतच असल्याने चाकांवाचून अडत नाही. कोकणातल्या कोळ्यांनी तर वाळूशी चाकाचा वाद घातलाच नाही. होडीखाली ओंडके घालायचे, पुढे सरकली की मागचा ओंडका उचलून पुन्हा पुढे. पावसाळ्याआधी सगळी वाडी हात लावायची आणि होडी वर यायची. आता बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टर हे काम करतो. शहरी हौशी माणसाची अडचण निराळीच आहे: बारा फुटी कयाक सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्यात कोणताही गाडा चालत नाही. त्यामुळे पवना किंवा मुळशीला जाणारे बहुतेक लोक तिथलीच कयाक तासाच्या भाड्याने घेतात. ती आधीच पाण्यात असते, आणि हा फायदा भाड्यापेक्षा मोठा आहे.

तरीही ज्यांना स्वतःची होडी आणि स्वतःचा गाडा घ्यायचाच आहे, त्यांनी दुकानात रंग पाहण्याआधी चाकाची रुंदी पाहावी. गाडा उभा राहण्यासाठी पाय आहे का तेही पाहावं; तो नसेल तर होडी चढवताना गाडा पळतो आणि दुसरा माणूस लागतो. कॉटर पिनांची जास्तीची जोडी तिथेच मागून घ्यावी. आणि मुख्य म्हणजे, सुटा केलेला गाडा आपल्या होडीत जातो की नाही, हे दुकानदाराच्या समोर घालून बघावं. जात नसेल, तर तो सायकलच्या साखळीने काठावरच्या झाडाला बांधून ठेवावा लागतो, आणि मग दिवसभर कुठेही फिरा, परत त्याच काठाला यावं लागतं.